मानसिक आरोग्याची पोस्टर स्पर्धा: चित्र भिंतीवर लागलं, पुढे काय?

सप्टेंबर लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक नोटीस यायला लागते. विषय मानसिक आरोग्य, गट आठवी ते दहावी, कागद ए-थ्री, माध्यम कुठलंही, आणि त्याच्या खाली लगेच प्रश्न सुरू, "चित्रकलेची स्पर्धा आहे ना, मग हा विषय कशाला?", "माझ्या मुलीला असलं काही नाहीये, तिने काढायचं काय?", "एलिमेंटरी-इंटरमिजिएटसारखे दहावीला मार्क वाढतात का ह्याचे?" (नाही, ह्याचे वाढत नाहीत.) कॉलेजात हेच जरा मोठ्या प्रमाणावर असतं, डिजिटल पोस्टर, रील, टी-शर्टचं डिझाईन, भिंत रंगवणं वगैरे. मी ग्राफिक डिझायनर आहे, घोडबंदर रोडला राहते, आणि अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून जात असते त्यामुळे हे प्रश्न मला लिफ्टमधे नाहीतर भाजी घेतानाही गाठतात. म्हटलं एकदा सलग लिहून टाकावं, ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं.

तारखेचं आधी सांगते. १० सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन, २००३ पासून पाळतात, आणि १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन, तो १९९२ पासून. ह्या महिन्याभरात शाळेला काहीतरी उपक्रम घ्यायचा असतो आणि चित्राची स्पर्धा सगळ्यात सोपी पडते, हॉल आहे, चित्रकलेचे सर आहेत, रंग मुलांकडे असतातच.

"आमच्या मुलाला असलं काही नाही"

बहुतेक मुलांना नसतंच, आणि तरीही हा विषय त्यांचा आहे. मानसिक आरोग्य म्हणजे रात्री झोप लागणं, मित्रांत मिसळावंसं वाटणं, रडू आलं तर रडून मोकळं होऊन परत आपल्या कामाला लागता येणं, हे सगळं त्यात आलं. आजार ही त्याच्या पुढची पायरी. दोन्हीत फरक कसा करायचा तर डॉक्टर साधारण असं बघतात की उदासी किंवा कशातच रस न वाटणं हे दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे किंवा जास्त आहे का, आणि त्याने झोप, जेवण, अभ्यास, खेळ बिघडलाय का. तसं असेल तर डिप्रेशनचा विचार करतात. गणिताचा पेपर वाईट गेला म्हणून दोन दिवस तोंड पाडून बसलेल्या मुलाला डिप्रेशन नाहीये, त्याला वाईट वाटलंय, आणि वाईट वाटायलाच हवं होतं. हा फरक मुलांना कळला तरी अर्धं काम झालं असं मी म्हणेन, कारण हल्ली दुसरं टोकही दिसतं, जरा काही झालं की "मला अँग्झायटी आहे". इंग्लंडमधल्या काही संशोधकांनी २०२३ मधे हीच शंका मांडली होती, की जनजागृतीच्या भरात मुलं रोजच्या ताणालाही आजाराचं नाव द्यायला लागतील आणि मग स्वतःला तसंच वागवायला लागतील. ही शंका मला हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही. म्हणून चांगल्या स्पर्धेच्या आधी अर्धा तास तरी हा फरक समजावणारं कोणीतरी वर्गात यायला हवं.

आता आकडे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मधे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांमधे कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. ग्रामीण भागात ६.९ टक्के आणि महानगरांमधे १३.५ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आपल्याकडच्या ६० मुलांच्या वर्गाला हा महानगराचा आकडा लावला तर आठ मुलं होतात. आठ! तुमचा मुलगा त्यात नसेल पण त्याच्या बाकावरचा असू शकतो, आणि सगळ्यात आधी हे कळणार कोणाला, तर त्या बाकावरच्यालाच.

आणि आपल्या गावाचं एक ओझं आहेच. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, इतकं जुनं की "ह्याला ठाण्याला भरती करा" ही थट्टा अख्ख्या महाराष्ट्राला माहिती आहे, ठाण्यातल्या मुलांनी तर ती नातेवाईकांच्या तोंडून शंभरदा ऐकलेली असते. ज्या आजाराची घरात अशी चेष्टा होते तो आजार मला आहे असं चौदा वर्षांचा मुलगा जेवायच्या ताटावर कसा सांगेल? आजाराला चिकटलेल्या ह्या लाजेला स्टिग्मा म्हणतात आणि ह्या स्पर्धांचा खरा सामना तिच्याशी आहे.

मग चित्रच का, भाषण ठेवा की

भाषणात मुलं पाठ केलेलं बोलतात, आणि तेही चांगलं बोलणारी चार-पाचच. चित्रात एक सोय असते की "हे माझं नाही, पोस्टरमधल्या मुलाचं आहे" असं म्हणता येतं. त्या आडोशाने मुलं जे काढतात ते कधीकधी आपल्याला सुचणारही नाही. एका मुलीने फक्त मोबाईलची स्क्रीन काढली होती, वेळ रात्रीचे २:४०, चॅटमधे टाईप केलेलं पण न पाठवलेलं एक वाक्य, "जागी आहेस का". बाकी सगळा कागद कोरा. दहावीच्या एका मुलाने गर्दीच्या लोकलमधे सगळे प्रवासी एकाच चेहऱ्याचे काढले आणि प्रत्येकाच्या पाठीवरच्या सॅकला वेगळ्या टक्क्यांचं लेबल, ९१, ८७, ६४. त्याला विचारलं तर म्हणाला "ताई, आमच्या बिल्डिंगमधे असंच ओळखतात".

पोस्टर म्हटलं की आणखी एक गोष्ट होते जी साध्या चित्रात होत नाही. पोस्टर दहा फुटांवरून, चालता चालता, तीन-चार सेकंदात कळलं पाहिजे, त्यामुळे काढणाऱ्याला दोन प्रश्नांची उत्तरं ठरवावीच लागतात, हे वाचणार कोण आणि वाचून त्याने करायचं काय. "मानसिक आरोग्य जपा" हे कोणालाच सांगितलेलं नाही आणि करायचं काय तेही त्यात नाही. "मित्र आठवडाभर ग्राउंडवर आला नाही तर त्याच्या घरी जा" हे मात्र आठवीतल्या मुलाला सांगितलेलं आहे आणि त्याला ते आजच करता येतं. ह्या दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचताना मुलाला विषय समजून घ्यावाच लागतो, आणि मला वाटतं स्पर्धेचा पहिला फायदा काढणाऱ्यालाच होतो, बघणाऱ्याचा नंबर नंतर.

चित्र काढून माणूस बरा होतो का

बरं वाटतं, हे खरं आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाने २०१६ मधे एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला, ३९ प्रौढ माणसांना ४५ मिनिटं रंग, माती, कोलाज जे हवं ते करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल तपासलं, कॉर्टिसॉल म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं हार्मोन. साधारण पाऊण लोकांमधे ते कमी झालं, आणि आधी चित्रकला येत होती की नाही ह्याने फरक पडला नाही. ही शेवटची गोष्ट मला फार आवडते, "माझं ड्रॉइंग वाईट आहे" म्हणणाऱ्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

पण ताण तेवढ्यापुरता उतरणं वेगळं आणि आजारावर उपचार वेगळे. आर्ट थेरपी नावाचा उपचाराचा प्रकार आहे, तो प्रशिक्षित थेरपिस्ट करतो, बंद खोलीत, आठवड्यामागून आठवडे, आणि तिथे चित्राला कोणी नंबर देत नाही. शाळेच्या हॉलमधली स्पर्धा म्हणजे थेरपी नव्हे, तसं कोणी नोटिशीत लिहिलं असेल तर त्यांना ते काढायला सांगा.

"असलं बोलून उलट मुलांच्या डोक्यात नको ते येईल"

हा सगळ्यात जास्त येणारा आक्षेप, आणि बहुतेकदा तो खऱ्या काळजीतून येतो म्हणून नीट उत्तर द्यायला हवं. २००५ मधे न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर हेच तपासलं गेलं. अर्ध्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, अर्ध्यांना नाही, आणि नंतर बघितलं तर प्रश्न विचारलेल्या मुलांमधे त्रास किंवा तसे विचार वाढलेले नव्हते. विचारल्याने बी पेरलं जात नाही. उलट ज्याच्या मनात आधीच आहे त्याला पहिल्यांदा कोणीतरी विचारलेलं असतं.

गप्प राहून काय झालं तेही बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त.

मात्र कसं दाखवायचं ह्याला पथ्य आहे, आणि ते परीक्षक, शिक्षक, मुलं सगळ्यांनी पाळायचं. पद्धत, साधन, जागा चित्रात नको. मृत्यूला सुटका किंवा शांती असं दाखवायचं नाही. कोणा खऱ्या मुलाची घटना ओळखू येईल अशी काढायची नाही, शेजारच्या कॉम्प्लेक्समधे झालेली तर अजिबात नाही. ह्याचं कारण असं की अशा घटनांचं भडक चित्रण झालं की त्यानंतर तशा घटना वाढतात हे १९७४ पासूनच्या संशोधनात वारंवार दिसलंय. पण ह्याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. २०१० मधे व्हिएन्नाच्या संशोधकांनी वर्तमानपत्रातल्या बातम्या तपासल्या आणि त्यांना दिसलं की एखादा माणूस त्या विचारांतून कसा बाहेर आला ह्याबद्दलचं लिखाण आलं तर त्यानंतर आत्महत्या कमी झाल्याचं आढळतं. त्याला त्यांनी पापागेनो परिणाम नाव दिलं, मोझार्टच्या १७९१ च्या एका संगीतनाटकातलं हे पात्र, जीव द्यायला निघतो आणि तीन मुलं येऊन त्याला दुसरा मार्ग आहे ह्याची आठवण करून देतात. तीन मुलं! मोठं माणूस कोणी नाही. स्पर्धेचा विषय देतानाच "त्रास काय असतो" ह्याऐवजी "त्यातून बाहेर कसं येता येतं, मदत कोणाची झाली" असा दिला तर मुलांचं चित्र आपोआप त्या बाजूला वळतं.

काळा कागद आणि डोकं धरलेला मुलगा

परीक्षणाला बसलं की निम्मे कागद सारखेच निघतात. अंधाऱ्या खोलीत गुडघ्यात डोकं घालून बसलेला मुलगा, डोक्यातून निघणारी गुंतलेली दोरी, अर्धा चेहरा हसरा आणि अर्धा रडका. मुलांचा दोष नाही, इंटरनेटवर शोधलं की हेच येतं. इंग्लंडमधे टाईम टू चेंज नावाची मोहीम होती, २००७ ते २०२१ चालली, त्यांनी माध्यमांना मुद्दाम विनंती केली होती की मानसिक आजाराच्या बातमीसोबत डोकं धरून बसलेल्या माणसाचा फोटो टाकणं थांबवा. त्यामागचं कारण डिझाईनच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. आजारी मूल बहुतेक वेळ तसं दिसतच नाही, ते डबा खातं, हसतं, रीलवर नाचतं. कोपऱ्यात बसलेलं मूलच तेवढं आजारी असं चित्र मनात बसलं की आपण कोपऱ्यातच शोधत राहतो आणि समोर बसलेलं दिसत नाही. ज्या मुलाला त्रास आहे तोही म्हणतो, मी काही एवढा वाईट नाहीये, मला कशाला मदत.

म्हणून मुलांना मी सांगते, तुमच्या शाळेतली जागा काढा, तुमच्या स्टेशनचा पूल काढा, तलावपाळीची किंवा सीवूड्सची संध्याकाळ काढा, भाषा मराठी, हिंदी, घरची आगरी असेल तर आगरीही चालेल, फक्त उसनं चित्र नको.

बक्षीस ठेवायचं की नाही

ह्यावर माझं मत ठाम आहे आणि आयोजकांना ते आवडत नाही. टेरेसा अमाबिले ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मधे एक प्रयोग प्रसिद्ध केला, ७ ते ११ वयाच्या मुलींना कोलाज करायला दिलं, एका गटाला सांगितलं की सगळ्यात चांगल्या कोलाजना बक्षीस आहे, दुसऱ्या गटात तीच बक्षिसं चिठ्ठ्या टाकून द्यायची ठरली. नंतर चित्रकारांनी सगळे कोलाज तपासले तर स्पर्धेतल्या मुलींचं काम कमी सर्जनशील ठरलं. साध्या कोलाजचं हे होतं, मग "मला रात्री भीती वाटते" ह्या चित्राला तिसरा क्रमांक आणि बाजूच्याला उत्तेजनार्थ दिलं तर त्या मुलाला काय कळतं? की दुसऱ्याचं दुःख जास्त चांगलं होतं.

स्पर्धा म्हटल्याशिवाय मुलं आणि प्रायोजक दोन्ही येत नाहीत हेही मला माहिती आहे, पंधरा-वीस वर्षं ह्या धंद्यात आहे. मग मधला रस्ता असा, की नंबर द्यायचाच तर पोस्टरला द्या, कळतं का, वाचता येतं का, मदतीचा रस्ता दाखवतं का ह्यावर, आणि हे निकष नोटिशीत आधीच छापा. स्वतःचा अनुभव सांगणाऱ्या चित्रांचा वेगळा विभाग ठेवा आणि तिथे क्रमांक नको, सगळ्यांना सारखं प्रमाणपत्र. गटाने काम द्या, तीन-चार मुलं मिळून एक पोस्टर, कारण मग ती दोन तास ह्याच विषयावर आपापसात बोलतात आणि ते बोलणं कुठल्याही ट्रॉफीपेक्षा महाग आहे.

पोस्टर लागलं, फरक पडला का

आता मुख्य मुद्दा. युरोपमधल्या १० देशांत, १६८ शाळांत, ११,११० विद्यार्थ्यांवर एक मोठा प्रयोग झाला, २०१५ मधे लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. शाळांचे चार गट केले. त्यातल्या एका गटात वर्गाच्या भिंतीवर मानसिक आरोग्याची सहा पोस्टर लावली आणि थांबले. दुसऱ्या गटात तीच सहा पोस्टर लावली, शिवाय मुलांना पुस्तिका दिली, दोन तास माहिती दिली आणि तीन तास नाटुकली करून घेतली, म्हणजे मित्र त्रासात आहे, तू काय बोलशील, घरी सांगायचंय, कसं सांगशील, हे मुलांनी स्वतः करून बघायचं आणि त्यावर बोलायचं. वर्षभराने आत्महत्येचे नवे प्रयत्न मोजले तर नुसत्या पोस्टरच्या गटात १.५१ टक्के आणि बोलून-करून बघितलेल्या गटात ०.७० टक्के. निम्म्याहूनही कमी. शिक्षकांना प्रशिक्षण देणं आणि तज्ज्ञांकडून मुलांची तपासणी करून घेणं हे उरलेल्या दोन गटांत झालं, तिथे असा स्पष्ट फरक दिसला नाही.

पोस्टर दोन्हीकडे तीच होती हे लक्षात घ्या. मी पोस्टर करून पोट भरते तरी मला हे मान्यच करावं लागतं की भिंतीवरचं पोस्टर एकटं काही करत नाही. ठाणे स्टेशनला इंडिकेटर कितीही झकपक लावला तरी त्याने फक्त कळवायचं असतं की गाडी कुठली आणि किती वाजता, फलाटावर गाडीच आली नाही तर लोकांनी त्या इंडिकेटरचं करायचं काय. शाळेपुरतं बोलायचं तर गाडी म्हणजे पोस्टर वाचून मुलगा ज्याच्याकडे जाईल तो माणूस.

तो माणूस असावा हे आता शाळेच्या मर्जीवर राहिलेलं नाही. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या, १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, सोप्या शब्दात काउन्सेलर, हवा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं, आणि हेल्पलाईनचे नंबर वर्गात, हॉस्टेलमधे, वेबसाईटवर मोठ्या ठळक अक्षरात लावायचे. पालकसभेत हे विचारा, आपल्या शाळेत काउन्सेलर कोण, आठवड्यातून किती दिवस येतात, खोली कुठे आहे, आणि मुलाला वर्गशिक्षकांची परवानगी न मागता जाता येतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल तर मुलं जाणार नाहीत.

हेल्पलाईनचा नंबर १४४१६, नाव टेली-मानस, केंद्र सरकारची आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ठाण्यातच आयपीएच म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मधे सुरू केलेली संस्था आहे, ती बऱ्याच ठाणेकरांना माहिती असते. मुलांना स्पर्धेच्या दिवशीच सांगायचं की प्रत्येक पोस्टरवर १४४१६ आणि शाळेतल्या एका माणसाचं पद पाहिजे, "काउन्सेलर मॅडम, पहिला मजला, मंगळवार-गुरुवार" असं. डिझाईनच्या दृष्टीने सुद्धा हा नंबर कोपऱ्यात बारीक टाकायची गोष्ट नाही, तो चित्राचाच भाग करा.

एखादं चित्र बघून पोटात गोळा आला तर

येतो, आणि मग परीक्षक, सर, बाई सगळे एकमेकांकडे बघतात. एका चित्रावरून निदान होत नाही हे आधी डोक्यात पक्कं ठेवा, काळा रंग वापरला म्हणजे मूल आजारी असं काही नसतं, काही मुलांना काळा रंग नुसता आवडतो. पण विचारल्याशिवाय सोडायचंही नाही. त्याच दिवशी, एकट्याला, ज्याच्याशी त्याचं जमतं त्या शिक्षकाने बाजूला घेऊन साधं विचारायचं, "हे चित्र मला फार लागलं, ह्याच्याबद्दल सांगतोस?" आणि मग गप्प बसून ऐकायचं. चित्राचा फोटो स्टाफच्या ग्रुपवर टाकायचा नाही. मूल म्हणालं की मला जगावंसं वाटत नाही, तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, काउन्सेलर आणि पालक दोघांना त्याच दिवशी कळवायचं, आणि पालकांना काय सांगणार ते मुलाला आधी सांगायचं. मुलाला घरचीच भीती असेल तर आधी काउन्सेलरशी बोलून घरी कोणाला आणि कसं कळवायचं ते ठरवायचं. हे सगळं स्पर्धेच्या आधी कागदावर लिहून ठेवलेलं असलं तर त्या क्षणी कोणी गडबडत नाही.

"घरातलं चव्हाट्यावर कशाला?"

हे आजीही म्हणते आणि बाबाही म्हणतात, आणि मला त्यांचं सगळं चूक वाटत नाही. मुलाने घरातली भांडणं काढली आणि ते चित्र शाळेच्या इन्स्टाग्रामवर त्याच्या नाव-इयत्तेसकट लागलं तर उद्या सोसायटीत त्यालाच ऐकावं लागतं. म्हणून प्रदर्शनात नावाऐवजी क्रमांक, ऑनलाईन टाकायचं तर मूल आणि पालक दोघांची लेखी संमती, आणि प्रदर्शन लागेपर्यंत कधीही, कारण न सांगता, चित्र परत घ्यायची मुभा, ह्या तीन ओळी प्रवेश अर्जात असल्या पाहिजेत. नसल्या तर शाळेला फोन करून घालायला सांगा, अर्ध्या पानाचं काम आहे. आणि मुलगी घरी बसून काढत असेल तर कागदावर डोकावून "हे मी आहे का?" असं विचारू नका, तिला रंग हवे असतील तर आणून द्या, काढून झालं की ती दाखवेल तेव्हा बघा.